पयले कड टेकू दे

“हिला उचलायला सांगा, बोलायला नको,” सर हसत पाहुण्यांना म्हणाले. मी तिथंच उभी होते. हातात चिमट्यात धरलेली काच, समोर पाण्याचा वाडगा.

पुण्याहून तिघं आले होते, आमची अमरावतीची प्रयोगशाळा बघायला. आमचं काम ग्राफीनचं. तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत कार्बनचा अणूएवढा पातळ पापुद्रा वाढवायचा. वरून प्लास्टिकचा हलका थर द्यायचा, खालचं तांबं द्रावणात विरघळवायचं. उरतो तो पापुद्रा पाण्यावर तरंगतो. तो काचेवर उचलायचा. ती काच सेंद्रिय सौरघटाचा इलेक्ट्रोड होते. उजेड आत येऊ देते, वीज बाहेर नेते. सुरकुती पडली की घट वाया.

मी उचलला. पाहुण्यांतल्या मॅडम वाकून बघत राहिल्या. “एकही सुरकुती नाही! कुठं शिकलीस?”

“मले आईनं...”

एवढंच निघालं. “मले!” सर खो खो हसले. माझ्यासोबत सरांकडं पीएच.डी. करणारा अनिकेत हसला. आणि मीही हसले. हे लिहितानाही कान तापतात.

मग सर म्हणाले, “या लोकांचा हात चांगला असतो. डोक्याचं काम अनिकेत बघतो.” ‘या लोकांचा’ म्हणजे कुठल्या जातीचा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, “आईनं शिकवलं? ते कसं?”

माझी आई अकोल्यात लग्नाच्या ऑर्डरीच्या लांब रोट्या करते. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. एकदम टाकली की खाली हवा राहते, घडी पडते. लहानपणी माझ्या रोटीचा गोळा झाला की ती म्हणायची, “पयले कड टेकू दे वं. मंग बाकी आपसूक येते.” काच मी तशीच तिरकी धरते. आधी कड टेकवते. पाणी खालून निघून जातं, पापुद्रा सपाट बसतो. अनिकेतचे पापुद्रे वर्षभर फाटतच होते.

हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी शुद्ध मराठीत म्हणाले, “आईनं नाही, मॅडम. आमच्या शेजारी एक बाई रोट्या करतात. त्यांना बघून शिकले.”

व्याकरणाची एकही चूक नव्हती. फक्त आई नव्हती.

शनिवारी घरी गेले. आई हातांच्या चटक्यांना खोबरेल लावत बसली होती. “काहून वं, तोंड उतरलं तुयं? पाव्हण्याईले आवडलं नाई का?”

“आवडलं.”

“मंग मायं नाव सांगतलं का नाई?” ती थट्टेनं म्हणाली.

मी म्हणाले, “सांगतलं.”

ती एवढी खूश झाली की तिनं भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. “आयकलं का वं? पोरीनं पुण्यावाल्याईले मायं नाव सांगतलं!” शेजारीण कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देता येईना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

सोमवारी सर म्हणाले, “पुण्याला प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलंय. पद्धत अनिकेत समजावेल. तू सोबत जा, उचलून दे.”

मी चिमटा टेबलावर ठेवला. “उचलीन, सर. पण सांगीन बी मीच. अन् मले आईनं शिकवलं, असंच सांगीन.”

“प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नकोस.”

“मले मालूम हाय.”

सरांनी अनिकेतला वाडग्याकडं पाठवलं. पापुद्रा काचेवर गोळा झाला. दुसराही झाला. सर माझ्याकडं बघत राहिले. मी हात मागं बांधून उभी राहिले.

त्याच दुपारी मॅडमना पत्र लिहिलं: मी खोटं बोलले, ती बाई माझी आई आहे. मग आईला फोन करून तिलाही खरं सांगितलं. तिनं माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

सही अजून अडलेली आहे. अडू दे. जिथं माझ्या तोंडाला बंदी, तिथं माझा हात चालणार नाही.