लिफ्ट थांबली की

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की समोरचे काका टीव्हीपुढून उठून जाळीच्या दारापर्यंत येतात. गुडघे कुरकुरतात, तरी येतात. मी कामावरून आलेली दिसले की म्हणतात, "इलंस गो?" एवढंच, आणि आत वळतात. करी रोडची चाळ पाडून टॉवर झाला, पण काकांच्या बोलण्यात मालवणी अजून डोकावते.

आधी मला हा चोंबडेपणा वाटायचा. एकदा विचारलंच, "काका, दर वेळी कशाला उठता?"

"आमचा कुत्रा उठायचा," ते म्हणाले. "शेवटी मागचे पाय गेले होते, तरी ही कामावरून आली की फरफटत दाराशी जायचा. मी तीस वर्षं पेपरातून मान वर केली नाही. तो गेल्यावर ही म्हणाली, आता दाराशी कोण येणार? तेव्हापासून मी उठायला लागलो. पण मला दोनच महिने मिळाले, मग हीही गेली."

काका गेला आठवडाभर गावी आहेत. काल मी कामावरून घरी आले, तर त्यांच्या दाराला कुलूप. तरी मी क्षणभर तिथे रेंगाळले. मग आत येऊन एक कप चहा टाकला.

तेवढ्यात बाहेर लिफ्ट थांबली. मी गॅस बारीक केला आणि दाराशी गेले.