अळणी आंबील

तुमच्या पानावर लोक हडळी, चकवे, पांढऱ्या साडीतल्या बाया लिहितात. मी वाचते आणि पान उलटते. सत्तरी ओलांडली, निम्मं आयुष्य शेतात गेलं. तिथे साप दिसले, रानडुकरं दिसली... भूत एकदाही नाही. तरी एक गोष्ट आमच्या घरात घडली आहे. चौथी शिकलेली आहे, जमेल तसं लिहिते.

आमचं गाव लोह्याजवळ. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी धाकट्या भावाकडे, बापूकडे राहते. त्याची मुलगी सुवर्णा माझ्याच हाताखाली वाढली. नांदेडला कॉलेजात नाटकं केली, लातूरला एकांकिकेत पहिलं बक्षीस घेतलं आणि थेट मुंबई गाठली. आज तुम्ही तिला रोज संध्याकाळी टीव्हीवर बघता. पण पहिल्यांदा टीव्हीवर आली तेव्हा ती मेलेली होती. प्रेताचं काम. शेजारीण म्हणाली, "चांगली पडली होती हं आत्याबाई, हाललीबी न्हाई." मग नर्स झाली, मग मोलकरीण. चार वर्षं तेच.

बापूने उदगीरचा एक मास्तर हेरून ठेवला होता. त्या वर्षीच्या येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरा होणाऱ्या आमच्याकडच्या सणापर्यंत, धड काम मिळालं नाही, तर पोरीने परत यायचं आणि लग्न करायचं, असं ठरलं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आत्या, सुनेचं मोठं काम मिळालंय. पण घरची शिदोरी खाताना रडायचंय, आन् डायरेक्टर म्हणतो खोटं वाटून राहिलं. उद्या जमलं न्हाई तर दुसरीला घेणार."

मी म्हणाले, "मग रड की. त्यात काय!"

सकाळी चुलीपाशी मी आंबील ढवळत होते. बापू मागून म्हणाला, "अक्का, मास्तराला होकार कळवतो."

"उद्या कळव. आज तिचं काम हाय."

"लई कामं बघितली तिची. मेलेली बघितली, आता काय बघायचं राहिलं?"

मी पळी उगारली. तो पळाला. मी मडकं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि शेतात गेले.

या सणाला कडब्याचं खोपट करतात, त्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, नैवेद्य दाखवला. नैवेद्याची आंबील आधी कोणी चाखत नाही. आणि जो येळवशीला येऊ शकत नाही, त्याचंही पान आम्ही कोपीत वाढतो. नंतर ते गाईला जातं. साडेबारा वाजता मी सुवर्णाचं पान वाढलं, आंबिलीची वाटी ठेवली. गडी माणसं पिकावर आंबील शिंपडून आली आणि एक वाजून गेल्यावर आम्ही जेवायला बसलो.

पहिल्याच घोटाला कळलं. मीठ नाही. भांडणात राहून गेलं होतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. पाहुणे गुमान पीत होते. बापू तेवढा म्हणाला, "हाव, पळी उगारायची लक्षात राहिली."

दिवेलागणीला घरी आलो तर सुवर्णाचा फोन. "आत्या, झालं! एका टेकमध्ये! काम माझंच... पण आंबिलीत मीठ कसं इसरलीस गं?"

मी फोन कानापासून काढून बघितला. मग विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई. डब्यात कोरडी भाकर होती. घास घेतला आन् तोंडात तुझी आंबील आली. आंबट, अळणी. मी म्हणाले, माय, मीठ इसरलीस. असं लिहिलेलं नव्हतं. आन् मग रडूच थांबेना."

"किती वाजता?"

"पाऊण वाजला असंल."

पाऊण वाजता आमच्यातल्या कोणी ती आंबील तोंडाला लावली नव्हती. मीठ नाही हे मलाही माहीत नव्हतं. तरी मी सगळ्यांना झाडून विचारलं. बापू म्हणाला, "मी कशाला सांगू? माझ्याशी बोलती कुठं ती?" त्याचं तोंड बघून मी पुढे विचारलं नाही.

तो भाग लागला तेव्हा आमच्या ओसरीवर बसायला जागा नव्हती. ते वाक्य डायरेक्टरने ठेवलं होतं. सुवर्णा म्हणाली, "माय, मीठ इसरलीस," आणि बापू उठून गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. मास्तराला त्याने नकार कळवला. त्या मास्तराचं लग्न झालंय, बायको सुवर्णासोबत फोटो मागते.

आता पोरगी त्या मालिकेची मुख्य बाई आहे. नांदेडला उतरली की लोक गाडी अडवतात. माझ्या हाताखाली वाढली आहे, हे मी न विचारता सांगते.

यंदाच्या येळवशीला मी मिठाचा डबा उघडला, तर बापू चुलीपाशी घुटमळत उभा.

"अक्का... आज पोरीचा रडायचा सीन हाय म्हणं. मीठ उलीसं कमीच घाल."

मी नेहमीएवढंच घातलं. तिला आता माझ्या अळणी आंबिलीची गरज नाही. संध्याकाळी फोन आला, सीन एका टेकमध्ये झाला होता. मिठाचं ती काही बोलली नाही.

पण त्या वर्षी कोपीतली चव तिच्या तोंडात कशी गेली, ते मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर कळवा. पळी उगारणार नाही.