पंखा नव्हे

प्रिय ओवी आणि ईशान, शनिवारी व्हिडिओ कॉलवर मी तुमच्याशी धड बोलले नाही. राग तुमच्यावर नव्हता. त्या सकाळी मी आमच्या जुन्या शाळेतला कार्यक्रम अर्ध्यात सोडून आले होते. कारण नीट लिहून ठेवते, नाहीतर तुमची आई सांगेल की आजीचं बीपी वाढलं होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, फक्कीबाई विज्ञान. मैदान आखायची पांढरी फक्की त्यांच्या पदराला, चपलांना, कधी भुवईलाही लागलेली असे. मुलांनी त्यावरूनच नाव पाडलं. घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. मला त्या अक्का म्हणत.

त्यांचा राग एकाच चुकीवर. सर्पिल दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी, ही पंखा आणि तिचे ताऱ्यांचे वळणदार हात म्हणजे पाती, असं कुणी लिहिलं की सगळा वर्ग मैदानात. मधल्या खांबापासून कुंपणापर्यंत मुलांची ओळ करायची आणि सगळ्यांना सारख्याच चालीनं खांबाभोवती फिरवायचं. आतल्याची फेरी होई तेव्हा बाहेरचा जेमतेम निघालेला असे. ओळीचा पार विचका. "हाताला तारे चिकटलेले असते तर हात कवाच गुंडाळून गेला असता की," त्या म्हणत.

मग दीर्घिकेचे हात म्हणून फक्कीचे दोन वळणदार पट्टे. पट्ट्यात पाऊल पडलं की हळू चालायचं, बाहेर पडलं की भराभर. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून बघितलं की पट्ट्यांत मुलं दाटलेली दिसत, पण प्रत्येक वेळी वेगळी. "गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांपाशी बघा अक्का. गर्दी तितंच, माणसं बदलत्यात." दीर्घिकेतही त्या दाटीत वायू दाबला जातो, नवे तारे जन्मतात. त्यांतले मोठे निळे तारे फार जगत नाहीत, जवळपासच संपतात, म्हणून हात उजळ दिसतात. दाटी मुळात सुरू कशी होते, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यावर शास्त्रज्ञांचंच भांडण मिटलं न्हाय. मी काय सांगू?" वर्गातही त्या हेच सांगत.

शाळेनं याबद्दल त्यांना काय दिलं? फक्की खेळाच्या तासाची आहे म्हणून एक मेमो, मुलांना उन्हात नेलं म्हणून दुसरा.

गेल्या उन्हाळ्यात फक्कीबाई वारल्या. शनिवारी त्यांच्या नावानं विज्ञान कोपरा उघडला. हार घातलेला फोटो, खाली एक मोठी थाळी, थाळीवर चार रंगवलेले हात. अध्यक्षांनी बटण दाबलं, मोटार सुरू झाली आणि थाळी फिरू लागली. हुबेहूब पंखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. "ज्या चुकीशी बाई जन्मभर भांडल्या, तीच तुम्ही त्यांच्या फोटोखाली फिरवताय. बंद करा ते."

मुख्याध्यापक कानाशी आले. "मॅडम, मुलांना सोपं पडतं. आणि आज पाहुणे आहेत."

थाळी थांबली नाही. माणसाचा अपमान करायचा तर तो जिवंत असताना करावा, उत्तर तरी देता येतं. मी निघाले.

फाटकापाशी सध्याची विज्ञान शिक्षिका मागून धावत आली. बाईंचीच विद्यार्थिनी. मला परत बसवायला आली असेल, असं वाटून मी चालतच राहिले. ती म्हणाली, "मॅडम, ती मोटार माझ्या हातात नाही. मैदान आहे. सोमवारी या."

काल सोमवार होता. थाळी अजून फिरते आहे आणि माझा राग कमी झालेला नाही. मैदानात फक्कीचे दोन पट्टे होते. मुलं त्यांत शिरत होती आणि बाहेर पडत होती.