हाफ टाइमचं पाणी

फुटबॉलच्या लीगनं आमच्या ह्यांना जन्मभराची बंदी घातली. ती आजही उठलेली नाही. ज्यानं पाणी सोडायला सांगितलं त्या कोचला बंदी झाली एका सामन्याची. तीही अशी, की त्यानं मैदानाकाठच्या बाकावर बसायचं नाही, वर काचेच्या खोलीत बसायचं, जिथे खुर्चीला गादी असते आणि चहा हातात येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमचे हे काही संन्यासी नव्हते, पाणी ह्यांनीच सोडलं होतं. पण चोर सुटला तो सुटलाच, आणि त्या माणसाला मी तेव्हापासून पाण्यात बघत आले आहे.

हे क्लबच्या मैदानाचं गवत राखायचे. खेळाडू ह्यांना गवतकाका म्हणत. प्रेक्षकांच्या सज्जामागे आम्हाला दोन खोल्या होत्या, त्यातल्या एकीची भिंत पंपघराला लागून, म्हणजे पंप चालू झाला की फळीवरची भांडी थरथरायची. लग्न होऊन आले त्या दिवशी ह्यांनी मला घर दाखवायच्या आधी मैदान दाखवलं आणि कडेलाच चपला काढायला लावल्या. मी विचारलं, "इथे काय देव बसलाय?" तर म्हणाले, "तुझ्या टाचा रुततात." मला वाटलं, चला, माणूस निदान काळजी घेणारा मिळाला. घेत होते काळजी, गवताची.

दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायची खोड मात्र जुनी. माझी नणंद कौतुकानं सांगते, शाळेत काच फोडायचा दुसराच कुणीतरी आणि मार खायचा आमचा दादा. वर घरी येऊन म्हणायचा, त्याचे वडील फार मारतात गं. नणंदेला ह्यात मोठेपणा दिसतो. मला तेव्हाही दिसला नाही आणि आता तर अजिबातच दिसत नाही.

हा कोच आला आणि आल्या आल्या ह्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गवतकाका, तुम्ही आमचे बारावे खेळाडू." झालं. हे हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. घरी येऊन मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "अहो, बारावा गडी पाणी पाजायला ठेवतात." हसले. पुढे तेच काम गळ्यात पडलं तेव्हा हसायला कुणी उरलं नव्हतं.

हाफ टाइमला मैदानावर पाणी मारायला लीगची ना नाही. नियम एवढाच, की मारायचं तर सगळीकडे सारखं मारायचं आणि दोन्ही संघांना आधी सांगून मारायचं. आता आमच्या मैदानाची एक रीत होती. आपला संघ उत्तरार्धात नेहमी आपल्या चाहत्यांच्या सज्जाच्या दिशेनं खेळायचा, आणि पाहुणे समोरच्या, घड्याळाकडच्या बाजूला चढाई करायचे. कोचनं सांगितलं, हाफ टाइमला फक्त घड्याळाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा, तोही चांगला सैल. म्हणजे पाहुण्यांचे पळणारे पोरगे गोलपाशी पोचले की घसरणार आणि चेंडू चिखलात बसणार. खेळाडू आत विश्रांतीला, पंच चहाला, निम्मे प्रेक्षकही चहाला. ज्यांना फवारे दिसायचे त्यांना वाटायचं, एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूला मारतील.

दोन हंगाम हे चाललं. क्लब जिंकत होता, कोचचे फोटो छापून येत होते. हे मात्र सामना संपला की अंधार पडेपर्यंत त्या बाजूची उखडलेली ढेकळं एकेक करून बसवायचे. स्वतःच बिघडवायचं आणि स्वतःच रडत दुरुस्त करायचं. मी एकदा म्हटलं, "नाही म्हणून सांगा ना त्याला." म्हणाले, "अगं, कोच आहेत ते. त्यांना कळत असेल."

मग ती चूक झाली. ती चूक आमच्या मैदानावरच होऊ शकत होती आणि आमच्या ह्यांच्याच हातून. पंपघर सज्जाच्या पोटात, खिडकी नाही. हे तिथे शिट्टी ऐकून काम करायचे. हाफ टाइमची शिट्टी झाली की व्हॉल्व्ह उघडा, खेळाडू परत यायच्या आत बंद करा. त्या दिवशी पाहुण्यांच्या कप्तानानं नाणेफेक जिंकली आणि बाजू बदलून घेतली. आमच्याकडे असं कुणी करत नसे, पण त्याला ती मुभा होतीच. म्हणजे आता उत्तरार्धात घड्याळाकडे चढाई करायची होती आपल्याच संघाला. कोचला बाकावरून सगळं दिसत होतं, पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही. ह्यांना दिसतच नव्हतं. चार पावलं बाहेर येऊन बघितलं असतं तर? पण नाही. शिट्टी झाली, ह्यांनी व्हॉल्व्ह उघडला, आणि आपलेच खेळाडू आपल्याच चिखलात तोंडघशी पडले. एका गोलनं हरलो.

इथपर्यंत आलेली गोष्टही तिथेच मिटली असती, कारण पाहुण्यांना तक्रार करायचं कारणच नव्हतं. तक्रार केली कुणी, तर आमच्या क्लबच्या मालकानं. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "अर्धं मैदान कोरडं आणि अर्धं चिखल. आमच्याशी कुणीतरी दगा केलाय. लीगनं मुळापर्यंत जावं." शेजारी कोच उभा होता. मी ते चित्र बघितलंय. चुना लावलेल्या भिंतीसारखा झाला होता चेहरा.

लीग मुळापर्यंत गेली. मूळ म्हणजे पंपघर, आणि त्याची किल्ली ह्यांच्या कमरेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी कोच आमच्या घरी आला. आमच्या खुर्चीवर बसला, मी केलेला चहा प्यायला. मी तिथेच कपड्यांना इस्त्री करत होते, पण त्याच्या लेखी मी इस्त्रीइतकीच. म्हणाला, "काका, तुम्ही एकट्यानं केलं म्हणा. फार तर एका हंगामाची बंदी होईल. माझं नाव आलं तर क्लबच खालच्या लीगमध्ये जाईल, मग तुम्ही मैदान कुणासाठी राखणार? पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला मी स्वतः तुम्हाला न्यायला येतो." हे मान हलवत होते. तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, हा माणूस तुम्हाला विहिरीत ढकलतोय आणि दोर आणतो म्हणून सांगतोय." हे उठले. बाहेर जाऊन मैदानाच्या कडा कापत बसले.

चौकशी एका लांबलचक टेबलापाशी झाली. मला सोबत म्हणून मागे बसू दिलं. अध्यक्षांनी विचारलं, "पाणी सोडायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं मीच."

कोच दोन खुर्च्या सोडून मूग गिळून बसला होता, स्वतःच्या बुटांकडे बघत. माझ्यानं राहवलं नाही. मी उठले आणि सांगितलं, हा माणूस काल आमच्या घरी आला होता, काय काय बोलला ते मी ह्या कानांनी ऐकलंय. सगळे माझ्याकडे वळले. फक्त हे वळले नाहीत.

अध्यक्षांनी ह्यांना विचारलं, "ह्या काय म्हणताहेत?"

"तिला मैदानातलं काही कळत नाही, साहेब," हे म्हणाले. "घरात बसणारी बाई. भलतंच काहीतरी ऐकलं असेल."

अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, बसा." मी बसले. लीगनं त्या टेबलावर कुणाला काय दिलं ते सगळ्या जगानं वाचलं. मला काय मिळालं ते कुणीच लिहिलं नाही. चारचौघांत मी खोटारडी ठरले, आणि ठरवलं ते माझ्या नवऱ्यानं, त्या बुटांकडे बघणाऱ्यासाठी.

निकाल लागला. क्लबचे तीन गुण कापले. कोचला देखरेखीत कसूर केली म्हणून एक सामना. ह्यांना जन्मभराची बंदी: लीगच्या कुठल्याही मैदानात काम नाही, पाऊल नाही, तिकीट काढूनसुद्धा नाही. फाटकाफाटकावर ह्यांचा फोटो लावला. लीगचा माणूस म्हणाला, खेळात लबाडीला जागा नाही. नाही कशी, गादीची खुर्ची होती की.

खोल्या गेल्या. ह्यांना हमरस्त्यावरच्या मोठ्या इस्पितळाच्या बागेत काम मिळालं. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी हे सकाळीच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दाराशी बसले. दुपारी म्हणाले, "कामात असतील." संध्याकाळी शर्ट काढून खुंटीला लावला. दुसऱ्या वर्षीही बसले. मी बोलायचं तेवढं बोलत होते, मीठ संपलंय, दिवा लागत नाहीये. त्यापलीकडे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, आणि ह्यांना ते कळत होतं.

मग क्लबनं लीग जिंकली. लीगनं कोचला त्यांच्या प्रामाणिक खेळाच्या मोहिमेचा प्रमुख केलं. करून करून भागला आणि देवपूजेला लागला. विजयाची मिरवणूक उघड्या बसमधून हमरस्त्यानं निघाली, आणि गर्दीमुळे नेमकी इस्पितळासमोर अडली. मी ह्यांचा डबा घेऊन आले होते. हे हिरवळीवर जाडा पाइप ओढत होते. कोचला वरून दिसलं. उतरला, मागोमाग कॅमेरेवाला आणि माइकवाली. ह्यांच्या खांद्यावर हात टाकला, तसाच, पहिल्यासारखा.

"हे आमचे गवतकाका," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "माणसाच्या हातून चूक होते. आम्ही त्यांना केव्हाच माफ केलंय."

माफ केलंय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. डबा फेकून मारणारच होते.

ह्यांनी हळूच विचारलं, "बंदी उठली का?"

"बघू, बघू. लीगच्या कामाला वेळ लागतो," तो हसत म्हणाला. "अजून गवताचंच वेड बघा यांना."

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग माइकपाशी वाकून, कुणी पत्ता विचारला तर सांगावा तसं म्हणाले, "माझी बायको त्या दिवशी खरं बोलली होती. पाणी सोडायला ह्यांनीच सांगितलं होतं."

कोचनं ह्यांची पाठ थोपटली. "काका थट्टा करताहेत," म्हणाला, आणि माइकवालीचा माइक स्वतःकडे वळवून घेतला.

तेव्हा ह्यांनी ते केलं जे पंपघरातून बाहेर येऊन करायला हवं होतं. आधी नीट बघितलं, कोण कुठे उभं आहे. कॅमेरेवाल्याला म्हणाले, "तुम्ही जरा ह्या बाजूला व्हा, यंत्र भिजेल." माइकवालीला हात धरून बाजूला केलं. चाकाच्या खुर्चीवरच्या एका आजोबांना ढकलत सावलीत नेलं. परत आले, पाइप उचलला आणि चावी फिरवली. पूर्ण. कोच ओरडत वळला, ओल्या गवतावर पाय सरकला, आणि कोट-टायसकट चिखलात बसला. बसमधले खेळाडू टाळ्या वाजवत होते. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

बागेचा मुकादम धावत आला. "पाणी सोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही," हे म्हणाले. "माझं मीच."

मुकादम माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही इथेच होतात ना? काय झालं नक्की?"

ह्यांनी मान वर केली. ह्या वेळी हे वळले होते माझ्याकडे.

"मला पाण्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "घरात बसणारी बाई मी." आणि डबा ह्यांच्या हातात दिला.