नारळावर नेम

नेमबाजी माणसाला स्वतःशी खरं बोलायला शिकवते. श्वास आवरायचा, हात स्थिर ठेवायचा आणि समोरच्या काळ्या ठिपक्यापुढे उभं राहायचं; तिथे वशिला चालत नाही, भाषण चालत नाही, सबब तर नाहीच नाही. हे आमच्या स्पर्धेच्या पत्रकावर पहिल्याच परिच्छेदात छापलं होतं आणि ते मी लिहिलं होतं. तोपर्यंत मी बंदूक एकदाच हातात धरली होती, जत्रेत, फुगे फोडायला. दहा छऱ्यांत एकही फुगा फुटला नाही. फुगेवालीला दया आली आणि तिने अकरावा फुकट दिला. तोही वाया गेला.

असा माणूस स्पर्धा भरवायला का निवडला, यामागे एक तर्क होता. मी महाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नेमबाजीचे नियम पुस्तकात असतात आणि पुस्तकं माझ्याकडे असतात, असं आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत मांडलं आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे कबूल करायला हवं. अध्यक्ष फरश्यांचे व्यापारी. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांसाठी अशी स्पर्धा पहिल्यांदाच होत होती, आणि ‘पहिल्यांदाच’ या शब्दावर त्यांचा इतका जीव जडला की त्यांनी तो फलकावर तीन वेळा छापून घेतला. स्पर्धेची तारीख त्याच फलकावर एकदाही नव्हती.

खेळ खरोखर कळणारा आमच्यात एकच माणूस होता. पोलादपूरच्या पुढच्या एका गावातले निवृत्त सुभेदार. म्हशी विकल्यावर रिकामा झालेला गोठा त्यांनी साफ केला, भिंतीला फळ्या ठोकल्या आणि दहा मीटरवरून एअर रायफल शिकवायला सुरुवात केली. सहा-सात जण शिकत होते. त्यात एक मुलगी होती, तेवीस-चोवीस वर्षांची, डोंगरातल्या एका वाडीवरची. औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. तिचे त्या महिन्यात दोन खाडे झाले होते आणि तिसरा झाला तर गेटपास परत घेणार, असं मुकादमाने बजावलं होतं. स्पर्धेच्या दिवशी तिची दुसरी पाळी होती. तीनला गेटवर, आणि त्यासाठी अडीचला नाक्यावरून कामगारांची बस.

आमच्या स्पर्धेतून पहिल्या दोघांची नावं जिल्ह्याला जायची होती. त्यातलं एक हिचं, असं सुभेदार म्हणत. तिने येऊन उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

ती कॉलेजच्या ग्रंथालयात मला भेटायला आली. “सर, मला पयल्या गटात घ्याल?”

“घेतलं,” मी म्हणालो. “दहाला सुरुवात, अकराला तू मोकळी.” आणि पत्रकावरच्या वेळेवर बोट ठेवून दाखवलं. छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा हा माझ्या पेशाचा दोष आहे.

स्पर्धा नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात होती. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या हातभर वर पुराची रेघ होती. तिच्यावर अध्यक्षांनी फलक लावला, त्यामुळे फलकही डोक्याच्या हातभर वर गेला आणि वाचायला मान वर करावी लागली. समोरच्या भिंतीला प्लायवूडचे चार तक्ते, त्यांच्यामागे वऱ्हाडाच्या गाद्या उभ्या केलेल्या, पुढे टार्गेटचे कागद. दहा मीटरचं अंतर सुभेदारांनी टेपने तीनदा मोजलं. गट चारचार जणांचे, प्रत्येकाला वीस गोळ्या, एका गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, वेळ अर्धा तास. गोळी सुटायची ती शिट्टीवर, थांबायची ती शिट्टीवर. शिट्टी माझ्या गळ्यात होती. नियमाप्रमाणे त्या सभागृहात माझ्या वरती कोणी नव्हतं. हे वाक्यही मी नियमांतूनच घेतलं होतं.

दहाला पहिले चार जण तयार होते. ती दुसऱ्या जागेवर. प्रमुख पाहुणे आले नव्हते.

पाहुणे किती मोठे आहेत, हे आमच्याकडे त्यांच्या उशिरावरून ठरतं. अकरा वाजेपर्यंत आमचे पाहुणे तालुक्याचे होते, बारापर्यंत जिल्ह्याचे झाले, एकच्या सुमाराला ते राज्याचे वाटू लागले.

साडेदहालाच सुभेदार माझ्याजवळ आले होते. “सर, शिट्टी मारा. पाहुणे आले की थांबवू.”

अध्यक्षांनी ते ऐकलं. “अहो, पाहुणे दारात आणि इथे आधीच धाडधाड चालू? कसं दिसेल ते?”

“नेमबाजीसारखं दिसेल,” सुभेदार म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं, जणू निर्णय तिथे लिहिलेला असतो. “पंधरा मिनिटं थांबू,” मी म्हणालो. हे मी त्या सकाळी एकूण नऊ वेळा म्हणालो.

सव्वा वाजता पाहुणे आले. सहा गाड्या, त्यांतून उतरलेली माणसं, त्या माणसांची माणसं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. पाहुण्यांनी दहा मिनिटं भाषण केलं, त्यात या मातीत नेम उपजतच असल्याचं सांगितलं. मागे आपापल्या जागेवर चार स्पर्धक सकाळपासून उभे होते, आणि त्यांच्यातली एक दर मिनिटाला भिंतीवरचं घड्याळ पाहत होती.

मग अध्यक्षांनी आपली कल्पना उघड केली. फीत कापणं आता सगळीकडे होतं. आपली स्पर्धा नेमबाजीची, तर पाहुण्यांनी गोळी मारून नारळ फोडायचा. शेंडी ठेवून सोललेला, हळदकुंकू लावलेला नारळ मधल्या एका टार्गेटपुढे स्टुलावर मांडण्यात आला.

“साहेब,” सुभेदार म्हणाले, “छऱ्याने नारळ फुटायचा नाय.”

“तुम्ही सीमेवर होतात ना? मग असं नकारात्मक बोलू नका.”

सुभेदारांनी पुढे वाद घातला नाही. त्यांनी फक्त सगळ्यांना बंदुकीच्या मागे घेतलं. त्या दिवशी त्यांचं ऐकलं गेलं ते एवढंच.

पाहुण्यांनी बंदूक खांद्याला लावली, नेमका उलटा डोळा मिटला आणि पहिली गोळी गादीत घातली. दुसरी स्टुलाच्या पायात. तिसरी कुठे गेली ते कळलं नाही, मला ती अजून सापडलेली नाही. चौथी नारळाला लागली. निसर्गाने नारळाला तीन डोळे दिले आहेत. त्याला चौथा मिळाला. बाकी नारळ होता तसाच बसून राहिला.

“एक अजून, साहेब,” फोटोवाला म्हणाला.

पाहुण्यांनी अजून सहा मारल्या. मग अध्यक्षांनी मान घेतला, मग उपाध्यक्षांनी, मग ज्यांच्याकडून मांडव आणला त्यांनी. एक छर्रा नारळावरून घसरून कोपऱ्यातल्या समईला लागला आणि टण्ण असा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अरे, समईच फोडा रे, ती जवळ हाय!”

इतकं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की झालं उद्घाटन. पण पुढे ठेवलेला नारळ न फुटता उचलणं म्हणजे अपशकुन, याबद्दल मंचावर पूर्ण एकमत होतं. फोडायला घेतलेला नारळ फुटल्याशिवाय स्पर्धा सुरू कशी करणार? नेमबाजीचे नियम मी आठवडाभर वाचले होते. त्यात नारळाचा उल्लेख नव्हता, आणि म्हणून मला त्याच्यावर निर्णयही देता येईना.

ती माझ्याजवळ आली. हातात गेटपास होता, निळ्या दोरीचा. “सर, पावणेदोन झाले. माझं कधी व्हायचं?”

“होईल, होईल.”

“सकाळपासून होतंयच,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही. बसथांब्यावर बोलावं तसं.

मी शिट्टी तोंडाजवळ नेली. हे मला स्पष्ट आठवतं. अध्यक्षांनी मंचावरूनच हाताचा पंजा दाखवला, थांबा म्हणून, आणि मी शिट्टी खाली सोडली. एवढ्या हलक्या वस्तूचं वजन मला त्या दिवशी झेपलं नाही.

शेवटी सुभेदार उठले. बंदुका खाली ठेवायला लावून सरळ स्टुलापर्यंत चालत गेले, नारळ उचलला, दाराशी गेले आणि उंबऱ्यावर एकदाच आपटला. दोन शकलं झाली. पाणी पायरीवरून अंगणात गेलं.

अध्यक्ष झपझप माझ्याकडे आले आणि माइक माझ्या हातात कोंबला. “पाहुण्यांच्या हस्ते फुटला, असं जाहीर करा.”

पत्रकावर खरं बोलण्याविषयी लिहिणाऱ्या माणसाने माइक घेतला आणि म्हणाला, “मान्यवरांच्या शुभहस्ते…” वाक्य पुरं करावं लागलं नाही. टाळ्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी नारळाची एक वाटी हातात धरून, दुसऱ्या हातात बंदूक धरून फोटो काढून घेतले आणि गाड्या निघाल्या. त्यांचा पुढचा कार्यक्रम दासगावला होता. स्पर्धेतली एकही गोळी त्यांनी पाहिली नाही.

दोनला मी शिट्टी वाजवली.

बाकीचे तिघे घाईने मारत होते. ती घाई करत नव्हती. बंदूक उचलायची, गाल लावायचा, श्वास सोडायचा. मनाला पटलं नाही तर न मारता बंदूक खाली घ्यायची, आणि परत. चार तास उभं राहिलेल्या पायांवर. मी मागे उभा राहून पाहत होतो आणि पत्रकात मी जे लिहिलं होतं ते करणारं त्या सभागृहात कोणीतरी आहे, हे पाहून मला अतिशय अवघडल्यासारखं झालं.

अठरा गोळ्या झाल्यावर तिने घड्याळ पाहिलं. दोन पंचवीस. बंदूक उघडी करून टेबलावर ठेवली, ओढणी नीट केली.

“दोन राहिल्या गो,” सुभेदार म्हणाले.

“बस नाय थांबायची, काका.”

“पटापट मारून टाक.”

“पटापट मारल्या तर शिकवलंत काय मला?” असं म्हणून ती गेली. सुभेदार दारापर्यंत गेले आणि परत येऊन तिचा कागद त्यांनी स्वतः उतरवला.

न मारलेली गोळी शून्य. हा नियम मीच मराठीत आणून भिंतीवर चिकटवला होता. ती दोन शून्यं धरून ती तिसरी आली. दुसऱ्या क्रमांकापेक्षा अकरा गुण कमी. जिल्ह्याला जी दोन नावं गेली, त्यांत महाडचे एक दंतवैद्य होते आणि एक बँकेतले कारकून. दोघंही सज्जन आहेत. दोघांनाही दुपारी कुठे जायचं नव्हतं.

निकालानंतर मी अध्यक्षांना म्हणालो की त्या मुलीवर अन्याय झाला. त्यांनी ते गांभीर्याने घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी तिला सांगा, वेळेचं नियोजन कर म्हणावं. खेळाडूला शिस्त पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात तिचं सहभागाचं प्रमाणपत्र द्यायला मी नाक्यावर गेलो. अडीचच्या बसची माणसं डबे घेऊन उभी होती. तिने प्रमाणपत्र चौघडी घालून पर्समध्ये ठेवलं.

“किती कमी पडले, सर?”

“अकरा.”

“म्हणजे दोन गोळ्या,” ती म्हणाली. हिशेब बरोबर होता. निदान काहीतरी वाचलं असेल, या आशेने मी विचारलं, त्या दिवशी बस तरी मिळाली ना?

“मिळाली की. पावणेतीनला आली,” ती म्हणाली. “तुमच्या पाहुण्यांच्या गाड्या इथे भजी खायला थांबल्या होत्या. बसला वळायला जागाच नाय.”