ताईची शिफारस

ताई कवळ्या करायची. दातांच्या. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, कवळी पक्की झाली की घासायची, चकाकी आणायची आणि डबीत घालून परत पाठवायची. तीस वर्षं हेच. शेकडो माणसं तिने केलेल्या दातांनी हसली असतील, पण त्यांतल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. "बरंच आहे," ती म्हणायची, "तोंड पाहिलं की माणूस भिडेला पडतो. मग दात वाकडा बसला तरी छान दिसतोय म्हणतो."

भीड हा शब्द तिच्या कोशातच नव्हता म्हणा ना. आणि तिच्या दुसऱ्या उद्योगात तर याच गुणावर तिचं नाव झालं होतं.

तो उद्योग असा. टेबलावर खेळायचे गोष्टींचे खेळ असतात. चार-पाच माणसं जमतात, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी पळून आलेला सैनिक. 'मी दार फोडतो' म्हटलं की फासे टाकायचे. एक तर दार फुटतं, नाहीतर खांदा निखळतो. मोठ्या कंपन्यांचे असे खेळ दुकानात मिळतात. पण काही वेडी माणसं आपल्या घरी बसून, नोकरी सांभाळून, आपला आपण खेळ लिहितात, आणि छापायची ऐपत नसते म्हणून इंटरनेटवर लोकवर्गणी मागतात. मुदत एक महिना. ठरवलेले वर्गणीदार जमले तर पुस्तक निघतं, एक जरी कमी पडला तरी सगळ्यांची वर्गणी परत जाते आणि खेळ बाराच्या भावात.

आता शेकडो खेळांतून चांगला कुठला, हे लोकांना कोण सांगणार? ताई सांगायची. दर शनिवारी सकाळी तिचं पत्र सहा हजार लोकांच्या मेलमध्ये जाऊन पडायचं. दोन-तीन खेळ, प्रत्येकाला पाच-सात ओळी, आणि शेवटी निकाल: 'शिफारस' किंवा 'शिफारस नाही'. लोक तिच्या 'नाही'साठी पत्र वाचायचे. जी बाई इतक्यांना नाही म्हणते, ती हो म्हणाली तर डोळे मिटून वर्गणी द्यावी, असा हिशेब.

तिचे दोन नियम होते. एक, स्वतः खेळून पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. दुसरा, नात्यातल्या आणि ओळखीतल्या कुणाच्या खेळाबद्दल लिहायचंच नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही. तिच्याकडे खेळायला येणाऱ्या ग्रंथपालबाईंच्या भाच्याचा खेळ तिने या नियमावर बोट ठेवून परत केला होता. बाई महिनाभर फुगून बसल्या, मग आल्या आपल्या पुन्हा खेळायला. जाणार कुठे?

दर रविवारी दुपारी ताईच्या घरी टेबल मांडलं जायचं. ग्रंथपालबाई, खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका, आणि ताईचा धाकटा भाऊ. ताई कायमची सूत्रधार.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण ताईपुढे अजून धाकटाच. मुलखाचा अबोल. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडात पू झाला होता. आई नुकतीच गेलेली, वडील पाळीवर. तेव्हा ताईने त्याला दीड वर्ष पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं. सकाळी त्याला सोडायचं, मग धावत आपल्या शाळेत, रोज तासभर उशिरा. तिचं एक वर्ष त्यात बुडालं आणि पुढचं शिक्षणही राहिलं ते राहिलंच. दोघांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही. तसं बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती.

तर अशा या माणसाने एक खेळ लिहिला. ताईला माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकलेलं बरं. सहा वर्षं तो लिहीत होता, कामावर जेवणाच्या सुट्टीत. आणि त्याला एकच गोष्ट हवी होती: ताईने तो खेळ कुणाचा हे न कळता खेळावा, आणि आवडला तर त्याखाली 'शिफारस' लिहावं. छापून निघणं हे त्यानंतरचं. त्याने 'मुंगी' असं टोपणनाव घेतलं, तीनशे वर्गणीदारांची मोहीम लावली, आणि खेळाची प्रत ताईला पाठवून दिली, इतर चाळीस लोक पाठवतात तशीच. खेळाचं नाव 'डोंगरापलीकडे'. एका थकलेल्या माणसाला सगळ्यांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन डोंगर पार करायचा.

ताईने तो निवडला. आणि इथेच घात झाला.

आठवड्याला चाळीस खेळ यायचे आणि रविवारची दुपार तीन तासांची. म्हणून ताईने एक पद्धत पाडली होती. प्रत छापायची आणि सुरुवातीची पानं क्लिप लावून बाजूला ठेवायची. त्या पानांत बहुतेक वेळा राजांच्या वंशावळी असतात, देवांची भांडणं असतात. "खेळ सुरू होतो सहाव्या पानावर," ती सांगायची, "त्याआधी लेखक नुसता घसा खाकरत असतो." शंभरात नव्याण्णव वेळा तिचं खरं ठरायचं.

त्या रविवारी तिने पाच पानांना क्लिप लावली. धाकटा पाहत होता.

"पहिली पानं घ्यायची का एकदा?" त्याने विचारलं. "काही प्रश्न दिलेत वाटतं."

"वेळ कुठाय रे? आणि तू कधीपासून प्रस्तावना वाचायला लागलास?"

शिंपीकाका हसले. धाकटाही हसला, आणि गप्प बसला. अरे, बोलायचं होतंस की! पण तो बोलला असता तर तिला कळलं असतं, आणि मग तिच्या नियमाने तो खेळ तिथेच मिटला असता. दोन्हीकडून कोंडी.

खेळ चालला. ओझ्याचे फासे, थकव्याचे फासे, घसरड्या वाटेचे फासे. पाठीवरचं माणूस कोण, ते धाकटा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. दीड तास झाला तशा ग्रंथपालबाई जांभई देऊ लागल्या. शिंपीकाकांनी ते माणूस खडकावर टेकवून ठेवू का विचारलं.

"ठेवा हो," ताई म्हणाली, "हे पोतं आणखी किती वाहायचं?"

सगळे खो खो हसले. धाकट्याने फासे उचलले आणि म्हणाला, "थांबा, माझी पाळी आहे. मी घेतो." शेवटपर्यंत मग त्यानेच नेलं. बाकीच्यांना सुटल्यासारखं झालं.

शनिवारच्या पत्रात ताईने लिहिलं: "नियम नीटनेटके, पण कोरडे. ओझं आहे, ओझ्यातलं माणूस नाही. लेखकाने कुणाला कधी उचलून नेलेलं दिसत नाही, आणि त्याला कुणी नेलं असेल असंही वाटत नाही. शिफारस नाही."

त्या दिवशी दोनशे चाळीस वर्गणीदार झाले होते. पत्र गेलं तसे लोक गळायला लागले. मुदत संपली तेव्हा एकशे नव्वद उरले होते. मोहीम बंद झाली, सगळ्यांना आपापली वर्गणी परत मिळाली, आणि मुंगी नावाचा तो कोण होता तो साइटवरून नाहीसा झाला. ताईच्या ते लक्षातही आलं नाही. असे किती तरी यायचे आणि जायचे.

धाकटा पुढच्या रविवारी आला. त्याच्याही पुढच्या आला. फासे टाकले, चहा प्यायला, कपबशा विसळून ठेवल्या.

खेळून झालेले कागद ग्रंथपालबाई घरी न्यायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांच्या वाचनालयाच्या चिठ्ठ्या निघायच्या. महिन्याभराने एका दुपारी त्या ताईच्या कामाच्या खोलीत आल्या. पंखा बंद होता, पॉलिशची पूड सगळीकडे, ताई एक खालची कवळी चाकावर धरून होती. बाईंनी ती पाच पानं समोर ठेवली. क्लिप काढलेली.

"ताई, हे कापायला घेतलं आणि वाचत बसले. आपलं चुकलं हो. खेळ इथेच होता."

ताईने मास्क खाली केला आणि वाचायला घेतलं. वाक्यं साधी होती. 'डोंगर चढण्याआधी प्रत्येकाने ही उत्तरं मोठ्याने द्यावीत. चालता येत नव्हतं तेव्हा तुम्हाला कोणी उचलून नेलं? तिची वेणी तुमच्या तोंडावर यायची तेव्हा तुम्ही काय करायचात? ती तुम्हाला सोडून पळत जायची ती कुठे? त्या पळण्यात तिचं काय राहून गेलं? आता ती थकली आहे. पाठीवर घ्यायचं माणूस तीच. चला.'

वेणी तो दातांत धरायचा. ओली करून टाकायचा, आणि ताई रस्ताभर त्याला शिव्या घालायची.

ताईने ते पान खाली ठेवलं. "बाई, पोतं म्हटलं मी," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर पोतं म्हटलं." आणि ती मास्क तोंडावर दाबून रडायला लागली. ग्रंथपालबाईंना आधी कळेना, मग कळलं, तशा त्याही स्टुलावर बसून राहिल्या.

धाकटा त्या दिवशी एका आठ मजली इमारतीत कामावर होता. लिफ्ट बंद. गुडघेदुखीची ताई आठ मजले चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचली. आत मोटर उघडून ठेवलेली, वंगणाचा वास, दोरांवर बॅटरी टांगलेली. धाकट्याने तिच्या हातातले कागद पाहिले आणि त्याला सगळं उमगलं.

"एवढे जिने कशाला चढलीस?"

"बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं तुझं?"

"सहा वर्षं लिहिला. बोललो असतो तर तू खेळलीच नसतीस."

ताईने श्वास घेतला. वाटभर तिने ठरवून ठेवलं होतं. "पुन्हा लाव मोहीम. तुझ्या नावाने लाव. गेला माझा नियम खड्ड्यात. पहिल्याच ओळीत लिहिते की मी मूर्ख बाई, पानं न वाचता निकाल दिला. सहा हजार लोकांपुढे कान पकडते."

धाकट्याने चिंधीला हात पुसले.

"तुला आवडला?"

"अरे, आवडला काय विचारतोस! ढसाढसा रडले मी."

"तसं नाही. खेळ म्हणून चांगला आहे का?"

ताईने तोंड उघडलं. तीस वर्षं साचे पाहून, वीस वर्षं खेळ पाहून तिला असल्या प्रश्नाचं उत्तर चटकन यायचं. आता तिने मनात शोधलं आणि तिथे काहीच नव्हतं. फक्त तो होता, सात वर्षांचा, दातांत वेणी धरलेला. थकव्याचे फासे बरोबर होते का? दुसरा टप्पा लांबला होता का? देवाशपथ, तिला सांगता येईना.

"बघ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सहन होईना. "आता तुला कधीच कळणार नाही, ताई. आता तू जे लिहिशील ते मायेने लिहिशील. माया मला जन्मभर मिळालीय गं. एवढी एकच गोष्ट मला तिच्याशिवाय हवी होती."

"दुसरा लिही. पुन्हा टोपणनाव घे, मला सांगू नकोस."

"नाही सांगणार," तो म्हणाला, आणि वाकून मोटरचे स्क्रू बसवू लागला. "दहा मिनिटं बस. लिफ्ट चालू करतो, मग खाली जा."

त्या आठवड्यात ताईकडे नेहमीसारखे चाळीस खेळ आले. तिने पहिला उघडला. लेखकाचं नाव अनोळखी. दुसऱ्याचंही. तिने प्रत्येक खेळ पहिल्या अक्षरापासून वाचला, प्रत्येकात त्याला शोधत. एक खेळ अगदीच रद्दी होता, पोरकट, चोरलेला, सरळ दिसत होतं. तिने 'शिफारस' लिहिलं, पुढे 'नाही' लिहायला गेली आणि थांबली. त्याचाच असला तर? मुद्दाम वाईट लिहून पाहत असला तर? सहा वर्षं कुणी यावरही घालवली असतील तर?

तीन शनिवार तिने सगळ्यांना शिफारस दिली. वाचकांची पत्रं आली: ताई, बरं आहे ना? एकाने लिहिलं की तुमच्या 'हो'ला आता अर्थ उरला नाही. खरंच लिहिलं होतं त्याने. चौथ्या शनिवारी पत्र गेलंच नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला धाकट्याचा फोन आला.

"ताई, पत्र आलं नाही आज."

"नाही रे. जमेना."

"पुढच्या शनिवारी?"

पलीकडे कुठल्याशा इमारतीत लिफ्टचं दार उघडत-मिटत होतं, ते तिला ऐकू येत होतं.

"माझ्यामुळे का?" त्याने विचारलं.

"छे," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी खोटं बोलली, आणि त्याने तिचं खरं मानल्यासारखं केलं.