सगळ्यांचं लक्ष तुपावर

मैदा मिळाला. पिठीसाखर मिळाली. वेलदोड्याची पूड तर जर्मनीत नोव्हेंबर लागला की दुकानाच्या दाराशीच मांडून ठेवतात, त्यांच्या नाताळच्या फराळासाठी. बारीक रवा सापडला तेव्हा मी ती पुडी छातीशी धरून दुकानातच उभी राहिले होते. तूप नव्हतं, पण लोणी मुबलक, आणि ते कढवायला काय लागतं? एवढं सगळं हाताशी असूनही माझ्या हातून नानकटाई काही होत नव्हती, आणि ती होणं त्या महिन्यात माझ्यासाठी फार गरजेचं होतं.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग साताऱ्याला केलं आणि परत मिरजेतच नोकरीला लागले. आमच्याकडे दवाखाने इतके की नर्सला गाव सोडायची गरज पडत नाही. मला पडली. मुलगी दीड वर्षाची असतानाच नवऱ्याचं आणि माझं फाटलं, पगार पुरेना, आणि जर्मनीत नर्स हव्या आहेत असं कळल्यावर मी सांगलीला भाषेचा क्लास लावला. मुलीला आईजवळ ठेवून इकडे आले, एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. सहा महिन्यांत तुला नेते, असं तिला सांगितलं होतं. कागदपत्रांनी दोन वर्षं खाल्ली.

शेवटी व्हिसा आला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी तिला घेऊन आले. मला वाटलं होतं, आता सगळं मार्गी लागलं. पण ती माझ्या घरात पाहुण्यासारखी राहायला लागली. "पाणी घेऊ का?" "दिवा लावू का?" प्रत्येक गोष्ट विचारून. आजीशी फोनवर बोलताना जीभ मोकळी सुटायची, "आगं आजी, हितं लय थंडी हाय, आन् चार वाजताच अंधार पडतोय." फोन ठेवला की माझ्याशी शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं शुद्ध. एवढ्याशा पोरीचा तो सभ्यपणा मला सहन व्हायचा नाही.

तिची निळी बॅग तिने मला रिकामी करू दिली नाही. मी कपाटाचे दोन कप्पे तिच्यासाठी पुसून ठेवले होते. ती रोज सकाळी बॅगेतून कपडे काढायची आणि धुऊन वाळले की घडी घालून परत बॅगेतच ठेवायची. दर रविवारी आजीला एकच विचारायची, "मला न्यायला कवा येतीस?"

खायचीही जेमतेम. भात-दूध, नाहीतर ब्रेडचा तुकडा. येताना आजीने नानकटाईचा डबा दिला होता, बेकरीच्या भट्टीवरून खास करून आणलेल्या. ॲल्युमिनियमचा जुना डबा, झाकणावर लाल ऑइलपेंटने आईचं नाव. तेवढ्या मात्र ती रोज सकाळी दोन दुधात बुडवून खायची. नऊ दिवसांनी डबा संपला. तिने बोटाने तळातला चुरा चाटला, डबा धुतला, पुसला आणि बॅगेत अगदी खाली ठेवून वर कपडे रचले.

आई फोनवर मला म्हणाली, "नसंल ऱ्हात तर आन हिकडं. मी हाय अजून." तिच्या मनात वाईट नव्हतं, पण ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं, कारण मीही तेच ठरवत होते. नाताळची सुट्टी लागेपर्यंत बघायचं, आणि तोवर पोरीचा जीव इथे लागला नाही तर तिला मिरजेला नेऊन सोडायचं. विमानाचं तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं. पोरीला आपल्यासाठी रडवत ठेवण्याइतकी मी निर्दयी नाही, असं मी स्वतःला सांगायचे, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

तर नानकटाई. आईला फोन केला, तिने प्रमाण सांगितलं. त्याबरहुकूम केल्या. दगड झाल्या. दुसऱ्यांदा बेकिंग पावडर घातली तर मऊ झाल्या, केकसारख्या. तिसऱ्यांदा तूप वाढवलं तर पत्र्यावर पसरून पापड झाला. मुलीने प्रत्येक वेळी एक घास खाल्ला, ताटली हळूच पुढे सरकवली आणि म्हणाली, "छान आहे. पण मला भूक नाही."

तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तसा चिडकाच आहे, वॉर्डात म्हातारे पेशंट माझ्या पावलाच्या आवाजाने गोळ्या गिळायचे. मी आईला फोन लावला आणि म्हणाले, तू काहीतरी सांगायचं ठेवलंयस. नातीने तुझ्याकडेच परत यावं असं तुला वाटतंय.

हे बोलायला नको होतं. आई म्हणाली, "तूप कमी घातलं असशील. तुझा हात पहिल्यापास्नं आखडता." आणि फोन ठेवला.

तूप. आमच्या घरात नानकटाईचा विषय निघाला की गाडी तुपावर येऊन थांबणारच, आणि त्याला कारण आहे. मिरजेत नानकटाई कोणी घरी करत नाही. मैदा, रवा, साखर, तूप, वेलदोडे असं सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. ते मळतात, गोळे वळतात, पत्र्यावर मांडून भट्टीत सरकवतात, आणि तासाभराने आपण गरम डबे घेऊन घरी यायचं. दिवाळीच्या आधी तिथे बायकांची रांग लागते. प्रत्येकीला एकच धास्ती, की आपलं साजूक तूप दुसरीच्या पिठात जाईल आणि आपल्या पिठात डालडा. म्हणून तुपाचा डबा नजरेआड होऊ द्यायचा नाही. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं. आई पत्रे मोजायची आणि मी तुपाजवळ उकिडवी बसून डोळ्यांत तेल घालून पहारा करायचे. तूप पूर्ण पिठात पडलं, डबा निपटून घेतला, की आम्ही दोघी सुटकेचा श्वास टाकायचो आणि बाहेर वाऱ्याला जाऊन बसायचो.

म्हणजे आईने आयुष्यात कधी नानकटाईचं पीठ स्वतः मळलेलंच नव्हतं. हे मला फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने सुचलं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला हे सुचायला तीन घाणे वाया जावे लागले.

मी परत फोन केला, आधी चुकले म्हणाले, आणि मग तिला भट्टीवर जायला सांगितलं. तिला ते अजिबात पटलं नाही. "चाळीस वर्सं बसतीया तिथं. मला काय बघायचं ऱ्हायलंय?" पण नातीचं नाव काढल्यावर गेली. शनिवार होता, माझी सुट्टी होती, इकडची दुपार म्हणजे तिकडची संध्याकाळ. तिने भट्टीवरून व्हिडिओ कॉल लावला. पहिली पाच मिनिटं मला तिचा कान आणि बेकरीचं छत दिसलं. मग भट्टीवाला दिसला. लहानपणी मी बघितलेल्या भट्टीवाल्याचा हा मुलगा, आता स्वतःच पिकलेल्या दाढीचा. आईने फर्मावलं, "हिला सांग, काय काय घालतोस त्ये."

त्याने एकेक सांगितलं. मैदा, रवा, साखर, तूप. मग सहज म्हणाला, "आन् ही चिमूट." फळीवरचा एक झाकणाचा डबा त्याने कॅमेऱ्यासमोर धरला. आत पांढरी भुकटी. आई वास घ्यायला वाकली आणि डोळ्यांत पाणी येऊन झटकन मागे सरली.

"ह्ये काय?"

"अमोनिया, मावशी. खायचा. त्येच्याबिगर नानकटाई फुलत न्हाई, खुसखुशीत हुत न्हाई. भट्टीत वास उडून जातोय सगळा."

"आन् ह्ये तू माझ्या पिठात कवापास्नं घालतोस?"

"आमच्या बापापास्नं. सगळ्यांच्याच घालतो."

"माझ्या नजरंआड?"

"तुमच्या म्होरंच, मावशी. तुमी तुपाकडं बघत हुता."

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चाळीस वर्षांत एक थेंब तूप तिने कोणाला चोरू दिलं नव्हतं आणि इतकी वर्षं प्रत्येक घाण्यात एक चिमूट तिच्या डोळ्यांदेखत पडत होती. तिने फोन माझ्याकडे वळवला आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "घे. मिळंल का तिकडं बघ."

आता अमोनिया शोधायचा कुठे? मला अमोनिया माहीत होता तो फरशी पुसायच्या औषधातला. मी सरळ औषधाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, कशासाठी हवाय? माझं जर्मन घाईत फार उघडंवाघडं होतं. मी म्हणाले, "मुलीला खायला घालायचाय." त्या बाईचा हात टेलिफोनकडे गेलेला मला स्पष्ट दिसला. मग मी हातवारे केले, गोळे वळून दाखवले, ओव्हनचं दार उघडून दाखवलं, फुलल्याचं दाखवायला गाल फुगवले. बाई आधी गोंधळली आणि मग इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. म्हणाली, तो इथे नाही, किराणा दुकानात मिळेल, नाताळच्या फळीवर. आमच्या आज्यासुद्धा घालतात की. तिने कागदावर नाव लिहून दिलं. त्या नावाचा अर्थ हरणाच्या शिंगाचं मीठ. पूर्वी शिंगांपासून काढायचे, आता नुसतं नाव राहिलंय, हेही तिने सांगितलं, कारण माझा चेहरा पडलेला तिला दिसला असावा.

ती पुडी वेलदोड्याच्या शेजारीच होती. ज्या फळीसमोर मी महिनाभर दर आठवड्याला उभी राहत होते, त्याच फळीवर, वीतभर अंतरावर. मीही बघत होते ते फक्त ओळखीच्या डब्यांकडे. मी दुकानातच पुडी जराशी फोडली आणि वास घेतला. नाकात झणका बसला, डोळे भरून आले, आणि त्यातलं किती पाणी अमोनियाचं होतं ते मला सांगता येणार नाही. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. घरी जाताना रस्त्याने मी चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी, दुपारी, पीठ मळलं. तूप आईच्या हाताने घातलं, म्हणजे सढळ. एक चिमूट घातली. पत्रा ओव्हनमध्ये सरकवला आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघरात तो वास सुटला. तिखट, उग्र, दवाखान्यासारखा, आणि त्याच्या मागून हळूहळू तुपाचा आणि वेलदोड्याचा. मी खिडकी उघडली. बाहेरची थंडी आत आली तरी वास हटेना.

मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. दारात उभी राहिली, नाक वर करून.

"भट्टी लागलीया?" तिने विचारलं.

माझ्याशी ती पहिल्यांदाच तशी बोलली होती. मी ओव्हनकडे वळले. पत्रा बाहेर काढला. नानकटाया फुलल्या होत्या, वर तडे गेले होते, भट्टीवरच्यांना जातात तसेच. निवायची वाट न बघता तिने एक उचलली, या हातातून त्या हातात नाचवली, फुंकर घातली आणि दाताखाली धरली. ती मोडली, रवाळ, खुसखुशीत. तिने सगळी खाल्ली. दुसरी उचलली, तीही खाल्ली. मग आत निघून गेली.

माझा धीर सुटला. वाटलं, हिला आता आजीची जास्तच आठवण आली, आपण आपल्या हातानेच घोळ घातला. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. मी दारातून डोकावले. निळी बॅग उलटी पडली होती. स्वेटर पलंगावर, फ्रॉक जमिनीवर, मोजे कुठेच्या कुठे. ती गुडघ्यांवर बसून आईच्या नावाचा डबा ओढत होती.

"तळात गेला हुता," ती म्हणाली आणि माझ्या शेजारून डबा घेऊन पळाली.

नानकटाया तिने स्वतः भरल्या, एकेक, आजी भरते तशा कडेकडेने गोल. मी तोवर जमिनीवरचे कपडे गोळा केले, घड्या घातल्या आणि कपाटात ठेवायला लागले, हळूहळू, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून. ती आली, तिने उघडं कपाट बघितलं, रिकामी बॅग बघितली. म्हणाली, "सा-सात उरल्या. आजीला म्हनावं, डबा पुरंना. दुसरा धाड."

आईला फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. पोरीला मिरजेला आणायचं तिकीट बघून ठेवलं होतं, ते आता लागणार नाही, हेही सांगितलं.

"कपडं कपाटात ठिवलीस तिची?" तिने विचारलं.

"ठेवले."

"बरं केलंस. बॅग वर माळ्यावर टाक." मग घसा साफ करून म्हणाली, "तूप किती घातलंस?"